वर्ष झालं लॅपटॉपला: काय तपासायचं, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

लॅपटॉप रोज वापरून वर्ष उलटलं की तक्रारी जवळपास ठरलेल्या असतात. पूर्वी पंखा लागलाय की नाही हेही कळायचं नाही, आता साधा व्हिडिओ कॉल सुरू केला तरी तो घोंघावतो. चार्जर सोबत नसेल तर दुपारनंतर धाकधूक सुरू होते. सुरू व्हायलाही वेळ लागतो. यावर सल्ले दोनच मिळतात: 'फॉरमॅट मार' नाहीतर 'नवीन घे'. मला दोन्ही घाईचे वाटतात. वर्षभरात प्रोसेसर मंदावत नाही, रॅमही झिजत नाही. झिजते बॅटरी, साचते धूळ, भरते डिस्क आणि वाढतात ते न विचारता चालू होणारे प्रोग्रॅम. या सगळ्याचे आकडे लॅपटॉप स्वतःच देतो. म्हणून आधी आकडे काढू, स्क्रूड्रायव्हर नंतर.

एक सुट्टीची सकाळ मोकळी ठेवा आणि शक्यतो खालच्याच क्रमानं जा, कारण त्याला कारण आहे.

आधी वॉरंटीची तारीख

बहुतेक लॅपटॉपची मूळ वॉरंटी एक वर्षाची असते, त्यामुळे ही तपासणी अकराव्या महिन्यात झाली तर उत्तम. तळाच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की शेवटची तारीख दिसते. कधीकधी ती खरेदीऐवजी कारखान्यातून माल निघाल्याच्या दिवसापासून मोजलेली असते. तसं दिसलं तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या, आणि हे काम तारीख उलटायच्या आत करा.

मग एकेक भाग मुद्दाम वापरून बघा. आपण रोज दोनच पोर्ट वापरतो, तिसरा बंद पडलाय हे कळतं तेव्हा वॉरंटी संपलेली असते. प्रत्येक यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह लावा. टाइप-सी प्लग उलटा आणि सुलटा असा दोन्ही बाजूंनी लावून चार्जिंग होतंय का पाहा. एकाच बाजूनं होत असेल तर पोर्टाच्या काही पिना गेल्यात किंवा आत कचरा आहे. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा ऐका. माइकवर अर्धा मिनिट बोलून रेकॉर्डिंग ऐका. नोटपॅड उघडून सगळ्या कळा दाबा, वरच्या ओळीतल्या आणि कोपऱ्यातल्यासुद्धा. पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं चित्र पडदाभर लावून मेलेले पिक्सेल शोधा. एखादाच पिक्सेल मेला असेल तर अनेक कंपन्या पडदा बदलत नाहीत, त्यांची किमान संख्या ठरलेली असते. तरी लेखी तक्रार नोंदवून ठेवायला काही जात नाही.

दोष सापडला तर लॅपटॉप लगेच सर्व्हिस सेंटरला देऊ नका. आधी पुढचा टप्पा.

बॅकअप, आणि 48 अंकांची किल्ली

बॅकअपचं महत्त्व नव्यानं सांगत बसत नाही. प्रमाण जुनंच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. फक्त एवढं लक्षात ठेवा की क्लाउडशी सिंक होणारा फोल्डर म्हणजे बॅकअप नाही. लॅपटॉपवर फाइल उडवली की तिकडूनही ती उडते. काही दिवस कचरापेटीत राहते, एवढंच.

त्याहून दुर्लक्षित राहते ती किल्ली. विंडोज 11 असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवण्याची सोय) आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम चिप गुपचूप कुलूप उघडून देते. पण मदरबोर्ड बदलला, किंवा कधी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाला, की निळा पडदा येतो आणि 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्कवरचा एकही फोटो परत मिळत नाही. कंपनीही काढून देऊ शकत नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आजच खात्यात शिरून ती दिसतेय का पाहा, कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपची बॅग सोडून कुठेही ठेवा. मॅकवर फाइलव्हॉल्ट, म्हणजे तिथलं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्याच्या रिकव्हरी कीचंही असंच करा.

बॅटरी: अंदाज नको, टक्के काढा

'बॅटरी उतरलीय' हे वाक्य फसवं आहे. पडद्याचा उजेड वाढवलेला असतो, ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे असतात आणि दोष बॅटरीच्या नावावर जातो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि रोमन अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की दोन ओळी शोधायच्या: 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी'. समजा पहिली 56,000 मिलीवॉट-तास आहे आणि दुसरी 50,400, तर बॅटरीत 90 टक्के जीव आहे. त्याच अहवालात खाली आठवड्यागणिक क्षमता कशी घटत गेली तेही दिसतं. घट हळूहळू होतेय की एकदम घसरण झालीय, हे तिथे कळतं.

मॅकवर ऑप्शन कळ दाबून ॲपल मेन्यू उघडा, 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये जा आणि 'पॉवर' निवडा. सायकल काउंट तिथे असतो. गेल्या अनेक वर्षांतल्या मॅकबुकच्या बॅटरीची मर्यादा 1000 सायकलची आहे. सायकल म्हणजे एकदा चार्जर लावणं नव्हे. दोन दिवस रोज निम्मी बॅटरी वापरली तर मिळून एक सायकल होते.

माझा ठोकताळा असा: वर्षानंतर 85 ते 95 टक्के म्हणजे काळजीचं कारण नाही. 80 च्या खाली असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर अहवालासह तक्रार करा. बॅटरी झिजणारा भाग म्हणून कधीकधी हात वर केले जातात, म्हणून वॉरंटीच्या अटींत बॅटरीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचून जा. एक मेख मात्र आहे. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर आतल्या मोजणाऱ्या सर्किटचा अंदाज भरकटतो, आणि 30 टक्क्यांवर असताना लॅपटॉप अचानक बंद पडतो. अशा वेळी एकदा पूर्ण चार्ज करून तो आपोआप झोपेपर्यंत वापरा आणि परत सलग 100 पर्यंत चार्ज करा. यानं बॅटरी सुधारत नाही, मोजमाप ताळ्यावर येतं. दर आठवड्याला हे करायची काही गरज नाही.

पुढची झीज कमी करायची तर दोन शत्रू ओळखा: उष्णता, आणि सतत 100 टक्क्यांवर राहणं. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत सगळ्यात वेगानं म्हातारी होते, आणि टेबलावर कायम चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची नेमकी तीच अवस्था असते. म्हणून चार्जिंग 80 च्या आसपास थांबवण्याची सोय चालू करा. लेनोव्होच्या व्हँटेजमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड' आहे, असूसच्या मायअसूसमध्ये बॅटरीच्या विभागात पर्याय आहे, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो थेट बायॉसमध्येही मिळतो. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढायची, परत आल्यावर लावायची. दिवसभर चार्जर लावून-काढून 'चाळीस ते ऐंशी' सांभाळत बसणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण ते काम सॉफ्टवेअरचं आहे.

बॅटरीबद्दलची एक गोष्ट मात्र लगेच करायची असते. टचपॅड दाबायला कडक झाला, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तळाचं झाकण मध्ये फुगलं किंवा वरचं झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगलीय असं समजा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. फुगवटा दाबून किंवा टोचून बसवायचा नाही, बॅटरी कचऱ्यातही टाकायची नाही. ती पेट घेऊ शकते. सर्व्हिस सेंटरला न्या, तोवर जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा.

पंखा का ओरडतोय?

धुळीवर संशय घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र), 'सीपीयू' या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमानं लावा आणि काहीही न करता पाच मिनिटं नुसतं बघत बसा. रिकाम्या लॅपटॉपवर एखादा प्रोग्रॅम सतत 15-20 टक्के सीपीयू खात असेल तर पंख्याचा काहीच गुन्हा नाही. मॅकवर हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो.

यादी शांत असेल तर तापमान मोजा. विंडोजसाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन पुरेसं आहे. रिकाम्या अवस्थेत 40 ते 55 अंश सेल्सिअस नेहमीचं. जोराच्या कामात 90 च्या वर गेलेलं पाहून घाबरू नका. पातळ लॅपटॉप तसेच बनवलेले असतात आणि इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादाच 100 अंश आहे. त्या मर्यादेला पोचला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. प्रश्न येतो तो हलक्या कामातच आकडा तिथवर जातो तेव्हा.

आता एक छोटा प्रयोग. एकच व्हिडिओ दहा मिनिटं लावा आणि तापमान टिपा. मग लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचलून खाली आधार द्या आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावा. चांगला फरक पडला तर अडचण हवा आत येण्याची आहे. बहुतेक लॅपटॉप तळातून हवा ओढतात. गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवला की त्यांचा श्वास बंद. अशा वेळी एक साधा स्टँड पुरतो. फरक पडला नाही आणि बाहेर येणारा झोत गरम पण क्षीण असेल, तर धूळ.

धूळ दोन पातळ्यांवर काढता येते. सोपी पातळी: लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि कॉम्प्रेस्ड एअरच्या डब्यानं जाळ्यांमधून छोटे-छोटे फवारे मारा. डबा उभा धरायचा, आडवा केला तर थंड द्रव बाहेर पडतो. तोंडानं फुंकू नका, ओलावा जातो. व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्यानं स्थिर वीज तयार होते.

दुसरी पातळी म्हणजे तळ उघडणं. आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. लेनोव्हो, डेल, एचपी ती जाहीरपणे देतात, आणि ग्राहकानं काय उघडायला हरकत नाही तेही त्यात कळतं. स्क्रूवर सील असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर हा भाग सोडून द्या. उघडायचंच असेल तर असं:

1. लॅपटॉप शट डाउन करा, चार्जर काढा, एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.
2. नीट बसणारा छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल बसणारा घेतला तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो कुणालाच निघत नाही. स्क्रूंची लांबी बहुतेकदा वेगवेगळी असते, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो वरच्या बाजूनं कीबोर्डपाशी फुगवटा आणतो.
3. कडेनं प्लास्टिकचं कार्ड फिरवत खटके सोडवा. एका जागी अडलं तर जोर करू नका. रबरी पायांखाली लपलेला स्क्रू राहिलाय का ते पाहा.
4. आत पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. इतर कशालाही हात त्यानंतर.
5. पंख्याचं पातं बोटानं किंवा काडीनं अडवून धरा आणि मग हवा मारा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. धुळीचा खरा गठ्ठा पंखा आणि तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या यांच्या मध्ये बसलेला असतो. तो चिमट्यानं अलगद निघतो.

थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे पोचवणारा लेप) बदलायचा मोह इथेच होतो. एका वर्षात ती सहसा वाळत नाही. धूळ काढूनही तापमान उतरलं नाही, तरच तो विषय काढा, आणि वॉरंटी असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरलाच करू द्या.

गरम होण्याचा आणखी एक प्रकार बॅगेत घडतो. झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप तासाभरानं तापलेला आणि अर्धा रिकामा निघतो. आजकालच्या विंडोज लॅपटॉपची झोप सावध असते. आत अपडेट आणि नेटवर्कची कामं चालू राहू शकतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणं) निवडलं की त्रास जातो. उघडताना काही सेकंद जास्त लागतात.

मंदपणा

टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' विभागात सीपीयूखाली 'अप टाइम' असतो. रोज रात्री शट डाउन करणाऱ्यांनाही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसून धक्का बसतो. कारण फास्ट स्टार्टअप. ही सोय चालू असताना शट डाउन केलं की विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत येतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू करतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'स्टार्टअप'. चॅटची ॲप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरचे मदतनीस, मीटिंगची ॲप्स बंद करा. उघडाल तेव्हा ती चालतीलच. ध्वनी आणि टचपॅडची साधनं, तुम्ही खरंच वापरता ती क्लाउड सेवा चालू ठेवा. लॅपटॉपसोबत आलेल्या अँटिव्हायरसची फुकट मुदत संपली असेल आणि तो रोज पैसे मागत असेल तर काढून टाका. तो निघाला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपसूक जागा घेतो आणि घरगुती वापराला तो पुरतो. 'पीसी बूस्टर', रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर यांपैकी काहीही घालू नका. ड्रायव्हर (लॅपटॉपचे वेगवेगळे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावेत.

रॅमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक बहुधा ब्राउझर असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती खातंय ते दिसतं. वर्षभरात घातलेली निम्मी एक्स्टेन्शन्स आठवतही नसतील, ती काढा.

डिस्कचं गणित वेगळं आहे. बऱ्याच एसएसडी (आजच्या लॅपटॉपमधल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्क) रिकाम्या जागेचा काही भाग वेगवान साठवणीसाठी वापरतात. डिस्क गच्च भरली की लिहिण्याचा वेग पडतो. 15-20 टक्के जागा मोकळी राहू द्या. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मधून तात्पुरत्या फाइली काढता येतात, पण त्या यादीत 'डाउनलोड्स'सुद्धा असतं; त्यावर खूण असेल तर काढा, नाहीतर नको ते उडेल. एसएसडी डीफ्रॅग करायची (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावायचे) नसते, विंडोज तिची निगा स्वतः राखतं. तिच्या झिजेची भीतीही अनाठायी आहे. एक टेराबाइटच्या अनेक एसएसडींवर 600 टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज 30 गिगाबाइट लिहिले तरी वर्षाला 11 टेराबाइट होतात. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एकदा आरोग्याचा टक्का पाहून घ्या आणि विसरून जा.

बिजागऱ्या, पोर्ट, पडदा

सैल बिजागरीपेक्षा कडक झालेली बिजागरी जास्त घातक. झाकण उघडताना तिचा सगळा ताण प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांवर येतो. ते उपटले की पडद्याची चौकट कोपऱ्यात फाकते आणि पुढे पडद्याची केबलही कापली जाते. उघडताना खालचा भागही वर उचलला जात असेल किंवा कोपऱ्यातून कट्‌कट्‌ आवाज येत असेल तर वॉरंटीत दाखवा. झाकण कायम मधोमध धरून उघडायचं, कोपऱ्याला धरून नाही.

टाइप-सी पोर्टात प्लग पूर्ण बसत नसेल तर नवी केबल घेण्याआधी टॉर्च लावून आत बघा. बंद लॅपटॉपमधून लाकडी दात-कोरणीनं कापसाचे तंतू अलगद काढा. सुई किंवा पिन नाही. चार्जरची केबल प्लगपाशी वाकून आतली जाळी दिसू लागली असेल तर टेप न लावता ती बदला. बदलताना वॉट पाहा: 60 वॉटच्या वर जायचं तर पाच अँपिअरची, चिप असलेली केबल लागते. साध्या केबलनं चार्जिंग होईल, पण हळू.

पडद्यावर कीबोर्डच्या कळांचे चौकोनी डाग दिसतात ते बोटांच्या तेलाचे. बॅगेत झाकण दाबलं गेलं की उमटतात. मायक्रोफायबर कापड पाण्यानं किंचित ओलं करून पुसा, पाणी पडद्यावर थेट फवारू नका. काच पुसायचे अमोनियाचे द्रव पडद्यावरचा थर खातात. आणि कीबोर्डही पुसा, नाहीतर डाग आठवड्यात परत.

पैसे घालायचे तर कुठे

इथवर आल्यावर बहुतेकांचा लॅपटॉप पुरेसा सुधारलेला असतो. तरीही रोजच्या, म्हणजे खरंच रोजच्या कामात मेमरीचा वापर 85-90 टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम वाढवण्यानं जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानंच पडत नाही. 8 जीबीवरून 16 वर जाणं जाणवतं. 16 वरून 32 वर जाणं व्हिडिओ संपादन करणाऱ्यांना किंवा व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच दुसरा आभासी संगणक) चालवणाऱ्यांनाच जाणवेल. मात्र रॅम बदलता येते की मदरबोर्डला सोल्डर केलेली आहे, हे मॅन्युअलमध्ये पाहा. स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर लिहिलेलं असेल तर ती बहुतेक सोल्डरच असते. जागा असेल तर सध्याच्या रॅमची पिढी तपासा: डीडीआर 4 च्या खाचेत डीडीआर 5 बसत नाही. आणि एकाच आकाराच्या दोन पट्ट्या लावा, म्हणजे दोन्ही चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधले मार्ग) वापरले जातात. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्या लॅपटॉपला त्याचा फायदा विशेष होतो. नवी पट्टी लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, डीडीआर 5 असेल तर जरा जास्तच. तेवढ्यात घाबरून पॉवरची कळ दाबू नका.